पहिला इंच

विश्वंभररावांना चुकलेलं माप खपत नसे. आमटीत मीठ कमी चालेल, पोळी करपली तरी चालेल, पण भिंतीवरची तसबीर एका बाजूला जराशी कलली की या गृहस्थाचा घास घशात अडकायचा. चौतीस वर्षं झाशीला रेल्वेत ड्राफ्ट्समन. पुलांचे, शेडचे, सिग्नलच्या खांबांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर सीपरी बाजारच्या अंगाला दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं, तेव्हा दिवसभर गवंड्याच्या मानगुटीवर. शेवटी तो गवंडीच म्हणाला, "बाबूजी, आप छांव में बैठिए, दीवार अपने आप सीधी हो जाएगी."

अशा माणसाच्या हातून चूक व्हावी, आणि तीही चांगली इंचाची, याला काय म्हणावं? बरं, चूक होते. माणूस आहे, दगड थोडाच आहे. पण चुकीनंतर या शहाण्याने जे केलं, त्याला चूक म्हणता येत नाही. ते सगळं क्रमानेच सांगायला हवं.

बड्या बाजाराच्या मागल्या गल्लीत घनाराम मिस्त्रीचं दुकान होतं. मूळचा झाशीजवळच्या मोठ गावचा. झाशीतल्या मराठी घरांत पाट म्हणू नका, पोळपाट म्हणू नका, झोपाळे म्हणू नका, निम्मं लाकूडकाम याच्या हातचं. साठीला आलेला माणूस, पण टेप कधी हातात धरला नव्हता. बांबूची एक पट्टी घेऊन यायचा, जागेवर आडवी धरायचा, चाकूने खाच पाडायचा आणि पट्टी काखेत मारून निघून जायचा. त्या खाचेवर लाकूड कापायचा. वस्तू आली की जागी अशी बसायची की मधे पोस्टकार्ड शिरायचं नाही.

विश्वंभररावांना ते काम आवडायचं, पण ती पट्टी बघवायची नाही. "अरे घनाराम, देश कुठे चाललाय आणि तू काठी घेऊन फिरतोस," असं ते त्याला दर खेपेला ऐकवायचे. आणि एका संक्रांतीला तिळगुळाबरोबर त्यांनी आपला सहा फुटी पोलादी टेप त्याच्या हातात ठेवला. स्वतःचा, ऑफिसात वापरलेला, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारा. घनारामने तो आधी कपाळाला लावला.

मग शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी ओसरीवर दोन म्हातारे टेप ताणून बसलेले. यमुनाबाई चहा घेऊन यायच्या आणि हसायच्या. बापड्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे कळायचे. आठ सुतांचा एक इंच, चार सुतांचा अर्धा, दोन सुतांचा पाव. छोटी रेघ म्हणजे सूत, जरा लांब रेघ म्हणजे पाव. घनाराम डोळे बारीक करून रेघा मोजायचा आणि चुकला की स्वतःच्याच कानाला हात लावायचा. विश्वंभरराव एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचे. "पहले ज़ीरो देखो, फिर नंबर देखो. शून्य कुठे आहे ते ज्याला ठाऊक नाही, त्याच्या आकड्याला काडीची किंमत नाही." घनाराम मान डोलवायचा. पंधरा-वीस दिवसांत तो टेप वाचायला लागला आणि बांबूची पट्टी त्याने दुकानाच्या माळ्यावर टाकून दिली.

पहिलं मोठं काम अर्थात विश्वंभररावांचंच. नव्या घरात देवांसाठी भिंतीत कोनाडा ठेवला होता, त्यात सागवानी देव्हारा बसवायचा. पाडव्याला देव बसवायचे असं ठरलं. घनाराम म्हणाला, "कल टेप लाके नाप ले लेंगे." विश्वंभरराव म्हणाले, "कशाला येतोस एवढ्या लांब? आता तुला इंच कळतात. मी माप सांगतो, तू कर." एवढं बोलून ते आत गेले. पोलादी टेप तर घनारामच्या दुकानात होता. मग त्यांनी यमुनाबाईंच्या शिवणयंत्राच्या खणातला कापडी फीता काढला, कोनाड्याला लावला, आणि बाहेर येऊन ऐटीत म्हणाले, "साडेछत्तीस. त्यातले दोन सूत कमी कर, म्हणजे सहज सरकेल."

घनारामने दीड महिना खपून देव्हारा केला. दोन्ही बाजूंच्या खांबांवर खालपासून वरपर्यंत वेल कोरली, पानं अशी की शिरा मोजाव्यात. पाडव्याच्या सकाळी हातगाडीवरून, जुन्या चादरीत गुंडाळून, स्वतः गाडीमागे चालत आला. घरात पाहुणे जमलेले. शेजारचे अनंतराव, रिटायर्ड मास्तर, गावाच्या बातम्यांचं टपाल ऑफिस, ते सर्वांत पुढे. चादर काढली तेव्हा अनंतरावसुद्धा पानं बघायला खाली वाकले.

आणि देव्हारा कोनाड्यात जाईना.

थोडा तिरपा करून पाहिला, उचलून पाहिला. जाईल कसा? सहा सूत जास्त होता. घनारामच्या तोंडचं पाणी पळालं. विश्वंभररावांनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे, आणि मान हलवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे घनाराम, मी काय शिकवलं होतं? वाचायला चुकलास ना शेवटी?" त्यांना तेव्हा खरंच तसं वाटत होतं, हेही सांगायला हवं. विश्वंभररावांचं माप चुकलं असेल, हा विचार त्या खोलीत कुणाच्याच मनात आला नाही, घनारामच्या तर नाहीच. खिशात टेप होता, तो काढून लावायचा होता, दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण ज्याने शिकवलं त्याच्यासमोर टेप लावून दाखवायची छाती त्याला झाली नाही. "हमाई गलती है बाबूजी," तो म्हणाला. "हमसे पढ़बे में चूक भई."

मुहूर्त टळत होता. घनारामने देव्हारा अंगणात नेला, आणि ज्या खांबांवर दीड महिना खपला होता ते दोन्ही खांब बाहेरच्या अंगाने तीन-तीन सूत तासून काढले. वेलीची बाहेरची पानं अर्धी झाली. देव्हारा बसला, देव बसले, श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. घनाराम जेवायला थांबला नाही. अनंतराव हात धुता धुता म्हणाले, "म्हातारा झाला हो मिस्त्री. डोळे गेले." आणि टपाल निघालं.

चार दिवसांनी यमुनाबाई पलीकडच्या इंदिरेच्या पोलक्याचं माप घेत होत्या. विश्वंभरराव पेपर वाचत बसले होते. यमुनाबाईंनी फीता गुंडाळला, आकडा पाहिला आणि सवयीने पुटपुटल्या, "चौतीस. एक वजा, तेहतीस."

विश्वंभररावांच्या हातातला पेपर तसाच राहिला.

एक वजा. या फीत्याचं टोक सात-आठ वर्षांपूर्वी झिजून दोरे सुटले होते. तेव्हा कात्री घेऊन, एकाच्या आकड्यावर सरळ रेषेत, पहिला इंच कापून टाकणारा माणूस दुसरा कुणी नव्हता. स्वतः विश्वंभररावच. "हे बघ, आता हा एकापासून सुरू होतो. जे येईल त्यातून एक वजा करायचा, विसरू नको," असं त्यांनीच बायकोला बजावलं होतं. ती बिचारी आठ वर्षांत एकदाही विसरली नव्हती.

दुपारी यमुनाबाई देवळात गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली. फीता कोनाड्याला लावला, साडेछत्तीस. मग ऑफिसातली लाकडी फूटपट्टी काढून खुणा करत मोजलं, साडेपस्तीस. एका इंचातून दोन सूत गेले, उरले सहा. बरोब्बर सहा सूत. हिशोब चोख जुळला. समोर देव्हाऱ्यातले देव, आणि दोन्ही बाजूंना अर्धी कापलेली पानं. ते तिथेच जमिनीवर बसले.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्या सकाळी दुकानात जाऊ आणि सांगू. सकाळी ऊन फार वाटलं. पुढे रामनवमी आली. मग वाटलं, आता लाकूड तर कापलं गेलं, सांगून ते थोडंच जोडलं जाणार आहे? मग वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं घनारामला काय, तो विसरलाही असेल. मनाला पळवाटा हव्या असल्या की त्या सापडतातच, आणि चौतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला तर जरा जास्तच.

पण घनाराम विसरला नव्हता. वैशाखात मराठी मंडळींत लग्नं निघाली, चौरंग-पाट हवे होते. एकदोन घरच्यांनी विश्वंभररावांना विचारलं, "घनारामला द्यावं का हो काम? तुम्हाला त्याची पारख." एका शब्दाचं काम होतं. 'द्या' म्हणायचं, बस्स. पण 'द्या' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुमचा देव्हारा कसा चुकला? म्हणून विश्वंभरराव म्हणाले, "वय झालंय त्याचं आता." म्हणाले खरं, आणि रात्रभर तळमळत राहिले. आधीची चूक हातून झाली होती, आता हे तोंडाने केलं होतं. आणि एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा म्हणणं सोपं गेलं, याचीच त्यांना जास्त लाज वाटली. तिसऱ्या घरी तर कुणी विचारायच्या आधीच बोलून बसले.

मानिक चौकात भाजीला जाताना ते आता लांबून वळसा घालायचे. घनारामची गल्ली नको. एकदा चुकून समोरासमोर गाठ पडली. घनारामने हात जोडले आणि म्हणाला, आजकल खाटांचे पाये बनवतो, त्यात नाप लागत नाही. विश्वंभररावांनी "बरं, बरं" केलं आणि पिशवीतली वांगी नीट करत पुढे सटकले.

यमुनाबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. श्रावणात एकदा देव्हारा पुसता पुसता, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अहो, कोनाडा तुम्ही कशाने मोजला होता?"

"माझ्या टेपने."

"तो तर संक्रांतीला दिलात ना घनारामला."

यमुनाबाईंनी फडकं झटकलं. "देवासमोर उभं राहून तरी खोटं बोलू नये माणसाने," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. आणि त्या दिवसापासून पोलक्याचं माप घेताना 'एक वजा' मोठ्याने म्हणायला लागल्या. यांनी पेपर तोंडासमोर धरायचा आणि ऐकायचं.

दसरा आला. दसऱ्याला त्यांच्याकडे हत्यारांची पूजा असे. त्यांची हत्यारं म्हणजे टी-स्क्वेअर, कंपास, फूटपट्ट्या, आणि यमुनाबाईंची कात्री. सगळं पाटावर मांडून हळद-कुंकू, झेंडू वाहायचा. संध्याकाळी मंडळी सोनं द्यायला यायची. घनाराम बुंदेलखंडी, पण गेली पंधरा वर्षं न चुकता यायचा, आपट्याची पानं विश्वंभररावांच्या हातात ठेवून वाकून नमस्कार करायचा, आणि यमुनाबाईंच्या हातचं पान खाऊन जायचा. यंदा येणार नाही, असं विश्वंभररावांनी मनात धरलं होतं. खरं सांगायचं तर येऊ नये असंच त्यांना वाटत होतं.

तो आला. ओसरीवर अनंतराव आणि आणखी चारपाच मंडळी बसली होती. घनाराम पायरीवरच थांबला. धोतर स्वच्छ, हातात लाल कापडाची पुडी. ती उलगडून त्याने पोलादी टेप काढला. पुसून पुसून चकचकीत केलेला.

"जे आप धर लो, बाबूजी," तो म्हणाला. "हम मोठ जा रए. दुकान उठा दई. भैया के खेत पै रहेंगे."

"अरे, असं एकाएकी?" अनंतराव म्हणाले. "डोळे दाखवलेस का कुणाला?"

"दिखाए थे." घनाराम जरा हसला. "डाक्टर ने दो बेर देखीं. कैत है आंखें ठीक हैं, इस उमर में ऐसी किसी की नईं होतीं." मग टेप पुढे करत म्हणाला, "अब डाक्टर कछू कहे. बाबूजी को नाप तो झूठो हो नईं सकत."

विश्वंभररावांनी हात पुढे केला होता, तो तिथेच थांबला. डॉक्टरचं खोटं आणि यांचं खरं. या म्हाताऱ्याने स्वतःचे धड डोळे खोटे मानले होते, दुकान मोडलं होतं, आणि यांच्या फीत्यावर मात्र तीळभर शंका घेतली नव्हती. त्यांनी दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. यमुनाबाई नुसत्या वळल्या, आत गेल्या, आणि खणातला फीता आणून नवऱ्याच्या हातात ठेवला.

आता सुटका नव्हती. आणि खरं म्हणजे आता ती नकोही होती.

"घनाराम," विश्वंभरराव म्हणाले. "तुम्हारी आंख ठीक है. नाप मेरा गलत था." त्यांनी फीत्याचं टोक त्याच्यासमोर धरलं. "हे बघ. ज़ीरो देखो. आहे का? नाही. हा एकापासून सुरू होतो. मीच कापलाय पहिला इंच. याने मी कोनाडा मोजला आणि एक वजा करायला विसरलो. तू मी सांगितलं तेवढंच केलंस. सुतासारखं सरळ केलंस."

घनारामने टेप त्यांच्या हाती देऊन फीता घेतला, टोक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. अंगठ्याने ती कापलेली कड चाचपली.

"आपखों कब मालूम परी?" त्याने विचारलं.

इथे एक खोटं अजून शक्य होतं. आत्ताच, आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. विश्वंभररावांच्या ओठांवर ते आलंही होतं, हे त्यांनी पुढे बायकोजवळ कबूल केलं.

"चौथ्या दिवशी," ते म्हणाले. "पाडव्याच्या चौथ्या दिवशी."

घनाराम बोटांवर मोजायला लागला. चैत, बैसाख, जेठ, असाढ, सावन, भादों. हाताची पाच बोटं संपली, दुसऱ्या हाताचं एक लागलं. तो रागावला असता, दोन शब्द बोलला असता, तर विश्वंभररावांना बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. त्याने वहाणा काढल्या, आत गेला, देव्हाऱ्यासमोर उभा राहिला आणि अर्ध्या पानांवरून हात फिरवला. मग बाहेर अंगणात जाऊन भोपळ्याच्या मांडवाच्या बांबूची एक लांब चपटी चीप उचलली, देव बाजूला ठेवायला सांगितले, देव्हारा ओढून बाहेर घेतला, आणि ती चीप कोनाड्यात आडवी धरून कमरेच्या चाकूने खाच पाडली.

"बाईसाब, देव दिवाली तक नओ देव्हारा बन जैहै," तो यमुनाबाईंना म्हणाला. विश्वंभररावांनी पोलादी टेप त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. "जे आपई धरो. हमाओ काम लकड़िया से चल जात."

पायरीवर तो थांबला आणि पहिल्यांदाच विश्वंभररावांच्या डोळ्यांत बघून बोलला. "बाबूजी, जिन घरन में आपने कही हती कि मिस्त्री बूढ़ो हो गओ, उन घरन में जाके जे भी कह दियो." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. कुठल्या घरी कुणी काय म्हटलं ते सगळं. आणि तेही खरंच असणार म्हणून त्याने मुकाट्याने पोटात घातलं होतं. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून आपट्याची पानं डोकावत होती. विश्वंभररावांनी नकळत ओंजळ पुढे केली. घनारामने खिशावर हात ठेवला, काखेत बांबूची चीप धरली आणि निघून गेला. अनंतरावांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि त्या दिवशी कधी नव्हे ते काही न बोलता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वंभररावांनी कोट घातला, फीता खिशात ठेवला आणि पहिल्या घरी गेले. कडी वाजवली, पाण्याचं भांडं आलं, चहा आला. त्यांनी फीता काढला, कापलेलं टोक दाखवलं आणि सगळं सांगितलं, बोललेल्या खोट्यासकट. यजमान खो खो हसले. "अहो विश्वंभरराव, काय हे! एका इंचासाठी एवढं? घ्या, करंजी घ्या."

विश्वंभररावांनी करंजीला हात लावला नाही. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग फीता गुंडाळून ते दुसऱ्या घराकडे निघाले.